लॅपटॉप रडतखडत चालतोय, आधी रॅम वाढवू की हार्डडिस्क बदलू?

प्रश्न : नमस्कार सर, माझा लॅपटॉप सात वर्षं जुना आहे, ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्डडिस्क. डेस्कटॉप यायलाच चार-पाच मिनिटं लागतात, ब्राउझरमधे तीन टॅब उघडले की माऊसचा बाणसुद्धा अडकतो. मुलीचा अभ्यास याच्यावरच चालतो, नवीन घेणं आत्ता जमणार नाही. रॅम वाढवू की हार्डडिस्क बदलू? आणि हे घरी करता येईल का, मी आजवर लॅपटॉप कधी उघडलेला नाही.

उत्तर : करता येईल, आणि जरूर करा, सात वर्षांचा लॅपटॉप टाकून द्यायचं काही कारण नाही. पण स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी, लॅपटॉप अगदी अडकलेला असेल तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समधे बघा. माझा अंदाज आहे की मेमरी जवळजवळ भरलेली असेल आणि डिस्क १०० टक्क्यांवर जाऊन बसली असेल. होतं काय की रॅम पुरेनाशी झाली की विंडोज त्यातला काही माल डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि डिस्क मुळातच मंद, त्यामुळे दोन्हीकडून मार बसतो. हार्डडिस्कमधे खरोखरची चकती फिरते, लॅपटॉपमधे बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे, आणि प्रत्येक बारक्या फाईलसाठी तिचं हेड इकडून तिकडे पळतं. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात हलणारं काहीच नसतं. म्हणून एकच गोष्ट करणं शक्य असेल तर आधी एसएसडी टाका. पण ४ जीबी आता फारच कमी पडते, जमेल तेव्हा रॅम पण ८ जीबी कराच.

खरेदीत चुका होतात त्या इथे. टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर रॅमचे किती स्लॉट (पट्टी बसवायच्या खाचा) वापरात आहेत ते दिसतं, तरी मॉडेल नंबर टाकून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा कारण काही लॅपटॉपमधे रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मग ती बदलता येत नाही. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या पिढ्या, लॅपटॉपची डीडीआर३ पट्टी २०४ पिनांची, डीडीआर४ ची २६० पिनांची, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. डिस्क २.५ इंची साटा (डिस्क जोडायचा जुना, नेहमीचा प्रकार) असेल तर तशीच एसएसडी घ्या. एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची जागा) असला तर त्यात साटा चालते की एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान प्रकार, हे मॅन्युअलमधे बघूनच घ्या, दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्याच असतात.

आता मुलीचं सगळं काम आधी वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा, हे आजच करा, बाकी नंतर. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर क्लोनच्या, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीनवर उतरवायच्या, भानगडीत न पडता फक्त फायली वाचवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मग यूएसबी ते साटा केबलने नवीन एसएसडी जोडून जुनीचा क्लोन करायचा, किंवा पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकायचं, मला दुसरं आवडतं कारण सात वर्षांचा कचरा सोबत येत नाही.

उघडताना चार्जर काढा, पूर्ण शटडाऊन करा, आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा आणि पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा. स्क्रू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवा कारण त्यांची लांबी सारखी नसते, आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर वरचं कव्हर फुगतं किंवा फुटतं. रॅमला हात लावण्याआधी धातूच्या एखाद्या वस्तूला स्पर्श करा, पट्टी कडेने धरा, सोनेरी पिनांना बोट नको. पट्टीतली खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून साधारण ३० अंशात तिरकी आत सरकवा, सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा व्हायला हव्यात, मग हळूच खाली दाबा की दोन्ही बाजूच्या क्लिपा टक्कन बसतात. टक्कन आवाज आला नाही तर जोर लावू नका, काढून परत सरकवा. पहिल्यांदा करताना हात थरथरतो, सगळ्यांचाच थरथरतो, घाई तेवढी करू नका.

प्रश्न : नवीन रॅम टाकली, लाईट लागते पण स्क्रीन काळीच. रॅम खराब निघाली का?

उत्तर : लगेच तसं समजू नका. नवीन रॅम ओळखायला काही मशीन पहिल्यांदा जास्त वेळ घेतात, काही मिनिटं थांबा. तरी काही नाही तर बॅटरी सोडवून पट्टी परत नीट बसवा, बहुतेक वेळा ती अर्धवटच बसलेली असते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, कोणती अडते ते कळेल.

प्रश्न : १ टीबीची एसएसडी घेतली पण विंडोजमधे ९३१ जीबीच दिसते, फसवलं का मला?

उत्तर : नाही, माल बरोबर आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, तेवढाच फरक. उलट नवीन एसएसडी अजिबातच दिसली नाही तर विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून ती इनिशियलाइझ करा, म्हणजे वापरायला तयार करा, जीपीटी (डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची पद्धत) निवडा, मग फॉरमॅट करा, पण यादीतली जुनी डिस्क चुकून निवडली जात नाहीये ना ते साईज बघून दोनदा तपासा.