पुरुषाने कसं वागावं हे निसर्गच ठरवतो का?

मुलं सांभाळणं पुरुषाच्या रक्तातच नसतं, असं तुमचा मित्र म्हणतो आणि सगळ्या जगात तसंच आहे का, हे तुम्ही विचारलंय. नाही. शरीराचा वाटा मी नाकारत नाही, पण 'पुरुषी' कशाला म्हणायचं याची यादी दर मुलखात बदलते.

सहारा वाळवंटातले तुआरेग लोक घ्या. मुलगा वयात आला की डोक्याभोवती कित्येक मीटर कापड गुंडाळतो. मोठ्यांसमोर, त्यातही सासरच्यांसमोर, नाक-तोंड उघडं टाकणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. चहा प्यायचा तर पेला कापडाखालून ओठांपर्यंत न्यायचा. बायका चेहरा उघडा ठेवून वावरतात. लाज हा बाईचा दागिना म्हणणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावं!

पेरूत, तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या विणतात ते पुरुष. टोपी बघून माणूस लग्नाचा आहे की झालेला, ते कळतं.

पण मला सगळ्यात बोलकं वाटतं ते युरोपातल्या अल्बेनिया देशाच्या उत्तर भागातलं उदाहरण. तिथल्या डोंगराळ भागातल्या जुन्या रूढ कायद्यात बाईला वारसा नव्हता. खूनाला खून अशी वैरं पिढ्यान्‌पिढ्या चालायची आणि त्यात घरातले पुरुष संपायचे. मग एखादी मुलगी वडीलधाऱ्यांसमोर आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घ्यायची, केस कापायची, पुरुषाचे कपडे घालायची. त्या दिवसापासून ती घरची कर्ती. बंदूक बाळगणं, पुरुषांच्या बैठकीत तंबाखू ओढत बसणं, सगळं तिला खुलं. अशांना 'बुर्नेशा' म्हणतात. आता मोजक्याच उरल्यात. म्हणजे पुरुष हे चक्क एक पद होतं आणि रिकामं झालं की भरायचं! याला स्त्रीमुक्ती म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही. हक्क बाईला मिळालेच नाहीत. ते मिळवायला तिला बाईपण सोडावं लागलं.

आता मित्राच्या मूळ मुद्द्याकडे. मध्य आफ्रिकेच्या जंगलात आका नावाचे शिकारी लोक राहतात. एका मानववंशशास्त्रज्ञाने तिथल्या बापांचा दिवस मोजून काढला, तर चोवीस तासांतला जवळपास निम्मा वेळ तान्हं बाळ बापाच्या कुशीत किंवा हाताच्या अंतरावर. आई जवळ नसताना बाळ रडलं, तर बाप त्याला स्वतःच्या छातीशी धरून चोखू देतो. दूध नसतं, पण बाळ गप्प होतं.