रिपोर्टमध्ये '४७, एक्सएक्सवाय' आलंय. म्हणजे काय? मूल होऊ शकतं का?
याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. पुरुषाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, त्यात एक एक्स आणि एक वाय. तुमच्यात एक एक्स जास्तीचा आहे. आईच्या किंवा वडिलांच्या बीजपेशी तयार होताना जोडी नीट सुटली नाही, इतकंच. यात दोष कुणाचाच नाही. साधारण ५०० ते १००० मुलग्यांमागे एकाला हे असतं. अनेकांना लग्नानंतर मूल होईना म्हणून तपासणी केल्यावरच कळतं (आणि तोवर बायकोच्या सगळ्या तपासण्या उरकलेल्या असतात!).

वृषण लहान आणि घट्ट, दाढी विरळ, पाय लांब, कधी छाती थोडी वाढलेली, अशा खुणा दिसतात. काहींत तेवढंही नाही. पुरुष तुम्ही आहातच, त्यात शंका नको.

आता मुलाचं. वीर्यात शुक्राणू शून्य असले तरी मायक्रो-टीसे या शस्त्रक्रियेत थेट वृषणातून शोधल्यावर साधारण निम्म्या जणांत ते सापडतात, मग इक्सी करतात, म्हणजे प्रयोगशाळेत एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडतात. फक्त टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोनची) इंजेक्शनं त्याआधी सुरू करू नका. त्यांनी उरलीसुरली शुक्राणूनिर्मितीही दबते.