नवीन डेफिनिटिव्ह एडिशन असूनही लोक जुनंच जीटीए सॅन अँड्रियास का खेळतात? नुसता नॉस्टॅल्जिया आहे का?

नाही, नुसता नॉस्टॅल्जिया नाहीये. तसं असतं तर माझ्या भाच्याने जुनं सॅन अँड्रियास हातात पण धरलं नसतं. तो दहावीला आहे, गेम २००४ ला आला तेव्हा तो जन्मलाच नव्हता, त्याला कसली आलीये जुनी आठवण. त्याने आधी नवीनच खेळायला घेतलं होतं, २०२१ ची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे जीटीएचे तीन जुने गेम नव्याने करून काढलेला संच, आणि मग एक दिवस मला विचारतो, मामा, यात गाड्या टाकता येत नाहीत का? कारण इथे नाशिकच्या सिडकोतच त्याचा एक मित्र आहे, त्याच्या जुन्या गेममध्ये एमएच १५ ची नंबरप्लेट लावलेली काळी स्कॉर्पिओ आहे, बुलेट आहे, आणि गेमचा हिरो सीजे त्या बुलेटवर बसून आपल्या गल्लीत, ग्रोव्ह स्ट्रीटवर येतो. आता सांगा, पंधरा वर्षांचा पोरगा यातलं कुठलं निवडेल.

तर हे पहिलं कारण, मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये स्वतः केलेले बदल. नवीनला पण मॉड आहेत, नाहीत असं नाही, पण जुन्याला वीस वर्षं लोकांनी आतून बाहेरून उघडून ठेवलंय, क्लिओ नावाची लायब्ररी टाकली की छोट्या छोट्या स्क्रिप्ट चालतात, गाडी बदला, कपडे बदला, अख्खा रस्ता बदला. त्यात परत मल्टीप्लेअर, सॅम्प आणि एमटीए, लोकांनी स्वतः बनवलेलं, त्यात रोलप्ले सर्व्हर, कोणी पोलीस होतो कोणी टॅक्सी चालवतो. हा सगळा संसार जुन्या गेमवर उभा आहे आणि नवीनमध्ये मल्टीप्लेअर नाहीच.

आणि जुनं म्हणजे तरी कुठलं जुनं, हे पण बघावं लागतं, कारण पीसीवर जून २००५ ला जे पहिलं आलं ते १.०, आणि त्याच वर्षी हॉट कॉफीचं प्रकरण झालं, म्हणजे गेममध्ये लपवून ठेवलेला एक सेक्सचा सीन मॉडवाल्यांनी उघडून दाखवला, अमेरिकेत गेमचं रेटिंग बदलून थेट प्रौढांसाठी केलं, मग रॉकस्टार कंपनीने जे पुढचं व्हर्जन काढलं त्यात ते तर बंद केलंच पण मॉडची वाट पण अडवली. नंतर २०१४ ला स्टीमवर एक अपडेट आलं आणि त्यात रेडिओवरची बरीच गाणी गेली, लायसन्स संपलं म्हणून, आणि वर लोकांचे जुने सेव्ह पण चालेनात. म्हणून तर डाउनग्रेडर नावाचा प्रकार आला, म्हणजे विकत घेतलेला गेम मुद्दाम मागे १.० वर न्यायचा. अपडेट केलेली वस्तू लोक कष्ट घेऊन परत मागे नेतात ह्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे असं मला वाटतं.

पण मला स्वतःला विचाराल तर मॉड हे कारण दुसऱ्या नंबरला. पहिलं कारण धुकं.

सॅन अँड्रियासचा नकाशा बघा, साधारण ३६ चौरस किलोमीटर, म्हणजे एक बाजू सहा किलोमीटर. आमच्याकडे द्वारकेवरून नाशिकरोडला निघालं की एवढं अंतर होतं. आणि तेवढ्यात त्यांनी तीन शहरं बसवलीत, लॉस सँटोस, सॅन फिएरो, लास व्हेंचुरास, मध्ये वाळवंट, जंगल, शेती, आणि माउंट चिलियाड हा डोंगर. तरी जुन्यात खेळताना ते राज्य केवढं मोठं वाटायचं! कारण प्लेस्टेशन २ ची मेमरी ३२ एमबी, लांबचं काही एका वेळी दाखवणं जमणारच नव्हतं, म्हणून लांबचं सगळं धूसर करून टाकलं, आणि रस्ते असे वळणावळणाचे काढले की समोरचं गाव एकदम दिसू नये. थंडीत सकाळी लवकर पांडवलेण्यावर चढा, धुकं असलं तर पाथर्डी फाट्याच्या पुढं काही दिसत नाही आणि वाटतं पलीकडे नाशिक किती लांबपर्यंत असेल, तसंच.

डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये सुरुवातीला हे धुकं काढून टाकलं, अनरिअल इंजिन ४ ह्या नव्या सॉफ्टवेअरवर नेला होता गेम, आता सगळं लांबपर्यंत दिसू शकतं ना, मग दाखवा. झालं काय, तुम्ही चिलियाडवर उभे राहिलात किंवा विमान घेऊन वर गेलात की इकडे एक शहर, तिकडे दुसरं, आणि तुम्हाला कळतं की अरे हे तर हाताच्या अंतरावर आहे, आपण ज्याला लांबचा प्रवास म्हणत होतो तो दोन मिनिटांचा रस्ता आहे. नकाशा तेवढाच आहे, एक इंच कमी केलेला नाही, तरी गेम लहान झाला. मला हे फार लागलं, खरंच. कारण ज्या लोकांनी तो नकाशा आखला त्यांनी मशीनची अडचण घेऊन त्यातूनच एवढं मोठेपण उभं केलं होतं, आणि ते नंतर काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही.

रंगाचं पण तेच. प्लेस्टेशनवर लॉस सँटोसमध्ये संध्याकाळी जो नारिंगी, धुरकट रंग असायचा तो पीसीवर आला तेव्हाच कमी झाला होता, म्हणून पीसीवाले स्कायजीएफएक्स नावाचा मॉड टाकून तो परत आणतात. म्हणजे जुन्यामध्ये पण लोक अजून जुन्याकडे जातात. नवीनमध्ये तर सुरुवातीला तो रंग पार गेलाच होता, सगळं स्वच्छ आणि चकचकीत, कॅरेक्टरचे चेहरे बाहुल्यांसारखे गुळगुळीत.

आणि ते डोनटचं दुकान! टफ नट डोनट्स. त्या दुकानाच्या वर मोठा नट होता, बोल्टचा नट असतो तो, षटकोनी, नावावरूनच केलेला विनोद. नवीनमध्ये कडा गोल करताना तो नट पण गोल होऊन गेला, आणि विनोद मेला. दुकानांच्या पाट्या सॉफ्टवेअरने मोठ्या केल्या त्यात स्पेलिंग बिघडली, पाऊस पडला की पांढऱ्या रेघांमधून समोरचं दिसेना. यातलं बरंच नंतर दुरुस्त झालं, पण नट गोल झालेला कोणाच्या नजरेला खटकला नाही ह्याचा अर्थ काम करणाऱ्याला त्या दुकानाचं नाव वाचायला पण वेळ दिला नव्हता. मी त्या डेव्हलपर पोरांना दोष देत नाही, आधीच्या मोबाईलवरच्या आवृत्तीवरून तीन मोठे गेम एकदम करायचे म्हणजे काय होणार. पण ठरवणारे वर कोणीतरी असतात ना. पीसीवर तर गेम आल्या आल्या विक्रीतून काढून घ्यावा लागला होता, नको त्या फाईली आत राहिल्या म्हणून, आणि शेवटी रॉकस्टारने माफी मागून जुने गेम स्वतःच्या स्टोअरवर परत ठेवले. आधी तेच काढून टाकले होते, लोकांना राग त्याचा जास्त होता.

मशीनचा मुद्दा पटकन सांगतो. जुन्याला पेंटियम ३, २५६ एमबी रॅम आणि ४ जीबीच्या आत जागा पुरते. नवीनला कमीत कमी ८ जीबी रॅम आणि तिन्ही गेमच्या संचाला मिळून ४५ जीबी जागा. आमच्याकडे घरोघरी जे ऑफिसातून निघालेले सेकंडहँड आय३ वाले पीसी येतात, वेगळं ग्राफिक कार्ड नसलेले, त्यावर कुठलं चालणार हे सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल की लोकांना नवीन आवडतच नाही. असं पण नाहीये, आणि मला हे महत्त्वाचं वाटतं. एज ऑफ एम्पायर्स २ घ्या. मूळ गेम १९९९ चा. २०१३ ला त्याचं एचडी आलं, दिसायला बरं होतं, पण मल्टीप्लेअरमध्ये लॅग, म्हणून सिरियस खेळणारे बरेच जण जुनंच घेऊन वूब्ली नावाच्या ऑनलाइन सर्व्हरवर खेळत राहिले. मग २०१९ ला डेफिनिटिव्ह एडिशन आली आणि तेच हट्टी लोक आपणहून तिकडे गेले! कारण बनवणारी टीम, फरगॉटन एम्पायर्स, ही सुरुवातीला फॅन लोकांच्या मॉडमधूनच उभी राहिलेली, त्यांना माहीत होतं की घोडेस्वार किती वेगात वळतो, बाण कधी सुटतो ह्याला हात लावायचा नाही, आणि शेत परत परत पेरायची कटकट, खराब सर्व्हर, ह्या गोष्टी मात्र बदलायच्याच. वर २०२२ ला भारतावरचं एक्सपान्शन दिलं, हिंदुस्तानी, बंगाली, द्राविड, गुर्जर असे वेगवेगळे केले. मी स्वतः आता जुनं एज उघडत पण नाही. तोच मी सॅन अँड्रियासचं जुनं सोडत नाही. माणूस तोच, वय तेच, मग नॉस्टॅल्जिया एकीकडे चालतो आणि दुसरीकडे नाही असं कसं होईल? फरक बनवणाऱ्याने गेम किती खेळलाय ह्याचा आहे.

सॅन अँड्रियासच्या नवीनमध्ये चांगलं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. मिशन फेल झालं की लगेच परत सुरू करता येतं, जुन्यात हॉस्पिटलपासून परत गाडी चालवत जावं लागायचं. नेम धरणं खूप सोपं झालंय, हत्यारं निवडायला चक्र आहे, नकाशावर रस्ता दिसतो. आणि नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये क्लासिक लाइटिंग दिली, जुन्यासारखं आकाश आणि रंग, त्याने बराच फरक पडला. लोक तीन वर्षं हेच मागत होते.

त्यामुळे तुमच्याकडे कन्सोल असेल किंवा मोबाईलवर एकदा स्टोरी पूर्ण करायची असेल तर खुशाल नवीन घ्या, फक्त सेटिंगमध्ये जाऊन क्लासिक लाइटिंग चालू करा. पीसी असेल आणि जुनं आधीच लायब्ररीत पडलेलं असेल तर १.० वर आणा, सायलेंटपॅच हा जुन्या चुका दुरुस्त करणारा मॉड टाका, मग स्कायजीएफएक्स, आणि गाड्या सगळ्यात शेवटी, कारण आधी गाड्या टाकल्या आणि गेम क्रॅश झाला तर कशामुळे झाला ते शोधत बसाल. आणि फ्रेम लिमिटर बंद करू नका, एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, फार वाढलं की जुन्या गेमचं फिजिक्स बिघडतं, सीजे पाण्यात नीट पोहत पण नाही.