मुलगा फुटबॉलमध्ये डिफेंडर आहे. करिअर करायचं तर त्याला स्ट्रायकर करावं का?

अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की मुलगा १५ वर्षांचा आहे, बडोद्यातच शाळेच्या संघात स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध उभा राहणारा डिफेंडर, म्हणून खेळतो आणि त्याचे मामा म्हणतात, क्लबवाले गोल करणाऱ्यालाच विचारतात, मागे उभं राहणाऱ्याला कोण ओळखतं? हेच मी माझ्या घरात १९९८ पासून ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

तेव्हा मी १७ वर्षांचा होतो. मुंबईतल्या एका क्लबने निवड चाचणी ठेवली होती. बाबा रजा टाकून बरोबर आले. वडोदरा एक्सप्रेसच्या जनरल डब्यात रात्र काढली, मुंबई सेंट्रलला नळावर तोंड धुतलं, वडापाव खाल्ला आणि आठला मैदानावर हजर. मुलं शंभराच्या वर. प्रत्येकाला वीस मिनिटं. कडेला तीन खुर्च्या, तीन माणसं, एक वही.

समोरचा नऊ नंबर, म्हणजे त्यांचा स्ट्रायकर, माझ्याहून वीतभर उंच आणि पळायला नुसता वारा. याच्याशी शर्यत लागली तर आपण हरणार, हे पहिल्या मिनिटालाच कळलं. मग शर्यत लागूच द्यायची नाही असं ठरवलं. त्यांच्या मिडफिल्डरला, म्हणजे मधे खेळणाऱ्याला, एक सवय होती. लांब पास द्यायच्या आधी तो मान खाली घालून बॉलकडे बघायचा. त्याची मान खाली गेली की मी ‘वर!’ म्हणून ओरडायचो आणि आमची चौघा डिफेंडरांची लाइन दोन पावलं पुढे सरकायची. पास सुटताना त्यांचा नऊ नंबर आमच्या मागे, गोलच्या बाजूला राहिला की तो ऑफसाइड, त्याचा पास बाद. पहिल्या वेळी डावा साइड बॅक, म्हणजे कडेचा डिफेंडर, मागेच राहिला, त्याला सगळ्यांसमोर झापलं. त्यानंतर तीन वेळा झेंडा वर गेला, तिन्ही वेळा ऑफसाइड. चौथा पास सरळ माझ्या पायात आला, तो मी उजवीकडे देऊन टाकला. वीस मिनिटांत आमच्या गोलवर एक शॉट आला नाही.

शेजारच्या मॅचमधल्या स्टॉपरने दोनदा घसरत जाऊन बॉल काढला. पाऊस होऊन गेला होता, चिखल उडाला, बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही वेळा तो आधी जागा सोडून पुढे गेला होता, म्हणून त्याला घसरावं लागलं. वहीत त्याचं नाव गेलं. माझं गेलं नाही.

परतीच्या गाडीत बाबा वापी येईपर्यंत बोलले नाहीत. मग माझ्या पांढऱ्या चड्डीकडे बघून म्हणाले, ‘एक डाग नाही रे मातीचा. तू तर नुसता उभाच होतास.’

बाबा आखाड्यातले. दांडिया बाजारात राहायचं आणि जुम्मादादा व्यायाम मंदिरात घाम गाळायचा, असं त्यांचं तरुणपण गेलं. कुस्तीत पाठ लागली की निकाल, सगळ्यांना दिसतो. फुटबॉल त्यांना आवडायचा तो १९६२ च्या जकार्ता एशियाडपासून, तेव्हा ते स्वतः १७ वर्षांचे होते. जर्नैलसिंग आपला स्टॉपर. डोक्याला मार लागून टाके पडले, तरी प्रशिक्षक रहीम साहेबांनी त्याला सेमी फायनल आणि फायनलला पुढे, स्ट्रायकर म्हणून खेळवलं. फायनलमध्ये त्याने गोल केला आणि दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून आपण सुवर्णपदक घेतलं. बाबांचं म्हणणं, ‘बघ, स्टॉपर असून नाव राहिलं ते गोलमुळेच.’ माझं म्हणणं, तो गोल दोन दिवसांचा. पुढे तो भारताचा कर्णधार झाला तो मागे उभं राहूनच. हा वाद आमच्यात अजून चालू आहे. बाबा आता ८० च्या पुढे आहेत.

तुमच्या मुलाबद्दल. डिफेंडर उशिरा पिकतो, हे आधी मामांना सांगा. अनस एडथोडिका हा स्टॉपर केरळातल्या मलप्पुरमचा, एके काळी रिक्षा चालवलेला मुलगा. मुंबई एफसी, पुणे एफसी असं क्लबांतून वर्षानुवर्षं खेळत राहिला आणि भारताकडून पहिला सामना मिळाला २०१७ मध्ये, वयाच्या ३० व्या वर्षी. तिशीत पदार्पण करणारा स्ट्रायकर मला दाखवा. संदेश झिंगन हाही स्टॉपर, चंदिगडचा. सुरुवात सिक्कीमच्या क्लबातून दुसऱ्या डिव्हिजनला, २०१४ मध्ये केरळा ब्लास्टर्स हा वरच्या लीगमधला क्लब, २०१५ मध्ये भारताचा संघ. म्हणजे आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग, आपली वरची लीग) अकादमीचा शिक्का नसला तर संपलं, असं नाही. खालच्या लीगमध्ये रोज नव्वद मिनिटं खेळायला मिळणं हे मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

आणि स्ट्रायकरचा हिशोब मामांनी केलाच नाहीये. आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी चालायचे, २०२१-२२ पासून चार. ही चार माणसं क्लब कुठे लावतात? पुढे गोल करायला, मधे खेळ रचायला आणि एखादा स्टॉपरला. साइड बॅक जवळजवळ सगळे आपलेच असतात. तेव्हा जागा बदलायचीच असेल तर मुलाला स्टॉपरबरोबर साइड बॅकही शिकवा. डावा पाय चालत असेल तर आजपासून दुप्पट मेहनत घ्या, डाव्या पायाचे बॅक सगळ्यांनाच कमी पडतात. जन्माचा दाखला जपून ठेवा. ज्युनियर स्पर्धांत वय तपासायला मनगटाचा एक्सरे काढतात, तिथे उगाच लफडी नकोत.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. बहुतेक मुलं पोहोचत नाहीत. पैसा वरच्या लीगमध्ये आहे, खाली फार थोडा, आणि २०२५ मध्ये वरची लीगसुद्धा ती चालवण्याच्या हक्कांच्या करारात अडकून वेळेवर सुरू झाली नाही. गुडघा कोणाचंच ऐकत नाही. झिंगनचा एक अख्खा मोसम त्यातच गेला, आणि नंतर क्रोएशियाच्या क्लबात पोहोचून दुसऱ्या दुखापतीमुळे तिथे एकही सामना खेळता आला नाही. मी स्वतः बडोद्यातच एका कंपनीच्या संघातून ३१ वर्षांचा होईपर्यंत खेळलो, मग गुडघा गेला, नोकरी होती म्हणून घर चाललं. तेव्हा दहावी-बारावी सोडू देऊ नका. पण अभ्यासाची भीती दाखवून त्याला स्ट्रायकरच्या जागी पुढे पळवूही नका, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढच्या मॅचला मामांना घेऊन या. दहा मिनिटं बॉल सोडून द्या, फक्त तुमच्या मुलाकडे बघा. तो केव्हा पुढे सरकतो, केव्हा मागे येतो, कोणाला हाक मारतो. आणि घरी जाताना त्यालाच विचारा, त्या वेळी तू पुढे का सरकलास? मला मुंबई सेंट्रलला गाडी सुटताना कोणी हे विचारलं असतं, तर मी सुरत येईपर्यंत सांगत बसलो असतो.