थेट मेडिकलची जागा आणि सल्ल्यांचा ढीग

शाळेच्या शेवटच्या वर्षात गेलेल्या मुलांचे पालक ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक चिंता हटकून असते. मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, थेट मेडिकलची जागा देणाऱ्या अभ्यासक्रमांना अर्ज करायचे आहेत. पण इंटरनेटवर एक जण एक सांगतो आणि दुसरा नेमके त्याच्या उलट, मग विश्वास कुणावर ठेवायचा? मी न्यू जर्सीत भारतीय, त्यातही बहुतांशी मराठी कुटुंबांसाठी समुपदेशन करते. हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की एका कुटुंबाच्या निमित्ताने त्याचे उत्तर सविस्तर लिहावेसे वाटले. नावे आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. भारतात बारावीनंतर नीट दिली की इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांत एमबीबीएस होते. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, त्या काळात एमकॅट ही मेडिकल प्रवेशाची परीक्षा, मग चार वर्षे मेडिकल आणि पुढे विषयानुसार साधारण तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले प्रशिक्षण, असा क्रम आहे. काही मोजक्या विद्यापीठांत मात्र शाळा संपतानाच पदवी आणि मेडिकल या दोन्हींचा प्रवेश एकदम मिळतो. ब्राऊन विद्यापीठाचा असा अभ्यासक्रम आठ वर्षांचा आहे, द कॉलेज ऑफ न्यू जर्सी आणि न्यू जर्सी मेडिकल स्कूल यांचा सात वर्षांचा, तर कॅन्सस सिटी येथील मिसुरी विद्यापीठाचा, १९७१ पासून चालत आलेला, सहा वर्षांचा. या सगळ्यांतील जागा फार थोड्या असतात. अमेरिकेच्या दृष्टीने ही एक आडवाट आहे. भारतात वाढलेल्या आईवडिलांना मात्र तीच मुख्य वाट वाटते, कारण त्यांच्या ओळखीचे सगळे डॉक्टर बारावीनंतर थेट मेडिकललाच गेलेले असतात. चिंतेचे एक मूळ इथेच आहे आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

ईशाच्या वडिलांनी पहिल्याच भेटीत लॅपटॉप उघडून एक तक्ता दाखवला. (आपल्याकडच्या संगणक क्षेत्रातील वडिलांना चिंता झाली की तक्ता तयार होतो.) "ताई, लाल रंगातले सल्ले एकमेकांविरुद्ध आहेत," ते म्हणाले. जवळजवळ सगळा तक्ता लाल होता. संशोधनाचा अनुभव नसेल तर अर्जच करू नका. संशोधनाला कुणी विचारत नाही, रुग्णालयातले तास मोजतात. वीस ठिकाणी अर्ज करा. पाचच ठिकाणी करा, पण मन लावून करा. ईशा शेजारी गप्प बसून होती.

कोणता सल्ला बरोबर, या वादात मी शिरले नाही. तक्त्यात एक नवा रकाना घाल, असे मी ईशाला सांगितले: सल्ला देणाऱ्याने यातले स्वतः काय पाहिले आहे, आणि कोणत्या वर्षी?

पुढच्या भेटीत ती रकाना भरून आली. मी विचारले, "यातल्या कोणत्या वाक्याची तुला सगळ्यात जास्त भीती वाटते?"

तिला शोधावे लागले नाही. "'आत्ता थेट जागा मिळाली नाही, तर नंतर मेडिकलला जाणं जवळजवळ अशक्य आहे.'"

"कुणी लिहिलं आहे?"

"यंदाच सिलेक्ट झालेल्या एका मुलानं."

"नंतरची वाट त्यानं किती पाहिली आहे?"

ती स्क्रीनकडे पाहत राहिली. "अजिबात नाही. तो तर अजून कॉलेजलाही गेलेला नाही." मग, मी काही विचारायच्या आत, ती म्हणाली, "मावशी, तो घेतला गेला एवढंच त्याला माहीत आहे. का घेतला, ते त्यालाही माहीत नसणार. कमिटी कारण थोडंच सांगते!"

हे वाक्य माझ्या तोंडी कधीपासून तयार होते, पण ते तिच्या तोंडून येईपर्यंत मी थांबले, आणि तसे थांबता येणे हेच माझ्या मते या व्यवसायातले खरे कसब आहे. निवड झालेला मुलगा आपली गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे सांगतो. त्यामुळे त्याने केलेली प्रत्येक गोष्ट यशाचे कारण वाटू लागते. तेच सगळे करून ज्यांची निवड झाली नाही, ती मुले सल्ले लिहायला येत नाहीत. अलीकडच्या वर्षांत अमेरिकेतील एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) देणाऱ्या महाविद्यालयांसाठी वर्षाला पन्नास हजारांहून अधिक जण अर्ज करतात आणि तेवीस हजारांच्या आसपास विद्यार्थी प्रवेश घेतात. स्पर्धा मोठी आहेच, पण याला 'जवळजवळ अशक्य' म्हणत नाहीत. इथले बहुसंख्य डॉक्टर याच नेहमीच्या वाटेने आलेले आहेत.

"पण माझा मित्र स्वतः कार्डिऑलॉजिस्ट आहे, तोही हेच म्हणतो," वडील म्हणाले. तो मित्र नागपुरातून एमबीबीएस करून रेसिडेन्सीसाठी इकडे आला होता. रेसिडेन्सीबद्दल त्याचे ऐकावेच. सतरा वर्षांच्या मुलीच्या इथल्या प्रवेशाबद्दल त्याचा अनुभव किती, हे ईशाने रकान्यात लिहिले तेव्हा वडिलांनाही हसू आले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेल्या आणि किशोर फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण स्वतःला जे बजावतो, त्याने माणूस अधिक अस्वस्थ होतो. म्हणून मी ईशाला विचारले, "जागा नाही मिळाली, तर त्यातलं नेमकं काय सहन होणार नाही?" आईला वाटले होते की ती उशीर होण्याबद्दल बोलेल. ती म्हणाली, "चार वर्षांनी परत कुणीतरी मला तपासणार. मला ते नको आहे."

तिला घाई नव्हतीच. तिला पुन्हा पारखले जाण्यातून सुटका हवी होती. मात्र ज्या पेशात परवान्याच्या परीक्षा आणि रेसिडेन्सीची निवड पुढे उभीच आहे, तिथे अशी सुटका कोणताही अभ्यासक्रम देत नाही. शिवाय ज्याला आपण हमी म्हणतो, ती रेल्वेच्या आरक्षणासारखी असते. वेळेवर फलाटावर पोहोचावे लागतेच. ठरावीक गुण टिकवावे लागतात आणि अनेक ठिकाणी एमकॅटमध्येही किमान गुण लागतात. ब्राऊनसारख्या काही ठिकाणी ती परीक्षा द्यावी लागत नाही. हे सगळे त्या-त्या विद्यापीठाने स्वतः लिहून ठेवलेले असते, पण पालक ते वाचण्याआधी परक्या माणसाचे मत वाचतात.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे, की आधी अटी मूळ ठिकाणी वाचाव्यात आणि शंका प्रवेश कार्यालयाला लेखी विचाराव्यात: एखादे वर्ष गुण घसरले तर काय होते, दुसरीकडे अर्ज केला तर राखलेली जागा जाते का, पदवीचा विषय बदलता येतो का. सल्ल्याचे वर्ष पाहावे. ईशाच्या तक्त्यात नॉर्थवेस्टर्नच्या नावाजलेल्या जोड-अभ्यासक्रमाच्या मुलाखतीची तयारी होती, आणि तो काही वर्षांपूर्वी बंद झालेला आहे. परवान्याच्या पहिल्या परीक्षेत भरघोस गुण कसे हवेत तेही होते, आणि जानेवारी २०२२ पासून तिचा निकाल फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो. भीती घालणाऱ्या लेखाच्या शेवटी सल्लासेवेच्या पॅकेजचे दर असतील, तर त्या भीतीतही काही भाग विक्रीचा असतो. आणि नुकत्याच निवड झालेल्या मुलापेक्षा त्याच अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलावे, कारण सात वर्षांच्या अभ्यासक्रमात तीन वर्षांत पदवी उरकताना उन्हाळ्याची सुट्टी कशी जाते, हे त्याला ठाऊक असते.

ईशाने तीन जोड-अभ्यासक्रमांना आणि काही साध्या महाविद्यालयांना अर्ज केले. एके ठिकाणी ती मुलाखतीपर्यंत पोहोचली. जागा मिळाली नाही. ती खूप रडली, असे आईने कळवले आणि पुन्हा भेटीला आणू का, असे विचारले. हवी असलेली गोष्ट मिळाली नाही तर वाईट वाटणारच, तेवढ्यासाठी आणू नका, असे मी उत्तर दिले. आता ती इथल्याच राज्य विद्यापीठात जीवशास्त्राबरोबर स्पॅनिशही शिकते, कारण ती ज्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जाते तिथल्या अनेक रुग्णांना दुसरी भाषा येत नाही. एमकॅट तिसऱ्या वर्षानंतर द्यायची, असे तिने स्वतःच ठरवले आहे.