राजाची परवानगी आणि एक इंग्रजी शिवी

प्रश्न : आमच्या शाळेमागच्या मैदानावर मुले क्रिकेट खेळतात. चेंडू शेजारच्या तुरीच्या वावरात गेला, झेल सुटला किंवा षटकार बसला, तरी त्यांच्या तोंडून एकच इंग्रजी शिवी निघते. अर्थ विचारला तर ‘काही नाही मॅडम, असंच म्हणतात’ असे उत्तर मिळते. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर असा मजकूर फिरतो आहे की, जुन्या इंग्लंडात नवरा-बायकोला राजाच्या परवानगीने संबंध ठेवावे लागत आणि त्या परवानगीच्या पाटीवरील आद्याक्षरांतून हा शब्द तयार झाला. हे खरे आहे का? एकच शब्द इतक्या ठिकाणी कसा चालतो? मुलांना काय सांगावे?
— एक शिक्षिका, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपला प्रश्न ‘फक’ या शब्दाविषयी आहे. ज्याचा अर्थ सांगायचा तो शब्द एकदा तरी स्पष्ट लिहिणे भाग आहे, म्हणून लिहिला.

राजाच्या परवानगीची कथा निखालस खोटी आहे. आद्याक्षरे जोडून शब्द घडवण्याची रीत इंग्रजीत रुळली ती विसाव्या शतकात, आणि हा शब्द त्याच्या कितीतरी शतके आधीचा आहे. त्याचे मूळ जर्मानिक भाषाकुळात असून डच, नॉर्वेजियन आणि स्वीडिश बोलींत त्याचे भाऊबंद सापडतात. ‘धक्का देणे’, ‘आदळणे’ आणि ‘समागम करणे’ हे त्यांचे अर्थ एकमेकांना लागूनच आहेत. इंग्लंडातील चेस्टर येथील १३१०-११ च्या न्यायालयीन नोंदींत एका माणसाला लावलेल्या टोपणनावात हा शब्द आढळतो. पंधराव्या शतकातील एका लॅटिन-इंग्रजी मिश्र कवितेत केंब्रिजच्या मठवासी साधूंची निंदा करताना कवीने तो उघड न लिहिता प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतील पुढचे अक्षर घालून लपवला आहे. नेथन बेलीने १७२१ च्या शब्दकोशात त्याला जागा दिली, सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये गाळले आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो यायला १९७२ ची पुरवणी निघावी लागली.

तो सगळीकडे चालतो, कारण त्याचा अर्थ झिजला आणि जोर तेवढा शिल्लक राहिला. क्रियापदाला एक छोटे अव्यय जोडले की ‘चालता हो’, दुसरे जोडले की ‘सगळे बिघडवून टाकले’ असा अर्थ होतो. विशेषण म्हणून तो राग दाखवतो तसे कौतुकही दाखवतो. आपल्याकडे काटा रुतला तरी आणि बोंडांनी लदलेली पराटी पाहिली तरी ‘अवं माय’ निघते, तेव्हा आईचा विचार कोणाच्याच मनात नसतो, तसेच हे आहे. मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट अशी की, हा शब्द दुसऱ्या शब्दाच्या पोटातही शिरतो. ‘ॲब्सोल्यूटली’मध्ये तो ‘ॲब्सो’ आणि ‘ल्यूटली’ यांच्या मधोमध बसतो, कारण जोराचे अक्षर ‘ल्यू’ आहे आणि तो नेमका त्याच्या आधी येतो. हा नियम कोणत्याही इंग्रज मुलाला शाळेत शिकवलेला नसतो, तरी त्याची जागा सहसा चुकत नाही.

आता मुलांविषयी. ती खोटे बोलत नाहीत. त्यांना हा शब्द खरोखरच हलका वाटतो. शिवीचा चटका माणूस लहानपणी घरात आणि गल्लीत शिकतो, त्यामुळे परक्या भाषेतली शिवी मातृभाषेतल्या शिवीइतकी झोंबत नाही, असे बहुभाषक लोकांच्या अभ्यासात दिसून आले आहे. मोबाइलवरच्या खेळांतून आणि मालिकांतून हा शब्द उचलणाऱ्या मुलाला त्याचा जोर कळत नाही, पण ऐकणाऱ्याला कळतो. उद्या हीच मुले नागपूर-पुण्याला मुलाखतीस बसतील, तेव्हा समोरचा माणूस ‘असंच म्हणतात’ हे कारण ऐकून घेणार नाही.

म्हणून नववी-दहावीच्या मुलामुलींना त्याचा मूळ अर्थ आडपडदा न ठेवता, एकदाच आणि शांतपणे सांगावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पोलिसांची भीती घालू नये. असभ्य भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका वेब मालिकेच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना एवढेच सांगणे पुरे की, ही मोठी शिवी आहे आणि जी आपण मराठीत मॅडमसमोर देणार नाही, ती इंग्रजीतही द्यायची नाही.