बाळाच्या नाळेतील रक्त खासगी बँकेत साठवावे का?

बहुतेक कुटुंबांसाठी माझे उत्तर नाही असे आहे. बाळाला पुढे थॅलेसेमियासारखा रक्ताचा आनुवंशिक आजार निघालाच, तर तोच जनुकीय दोष त्याच्या साठवलेल्या रक्तातील मूळ पेशींतही (ज्यांपासून नव्या रक्तपेशी बनतात) असतो, त्यामुळे त्या त्याच्या स्वतःच्या उपचारास उपयोगी पडत नाहीत. हजारो रुपये भरण्यापूर्वी आईवडिलांनी हे नीट समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ही संस्थाही अशा खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही. मात्र थोरल्या भावंडाला थॅलेसेमिया असेल, तर रक्तविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने हे रक्त जरूर जपावे. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये झालेले नाळेतील रक्ताचे पहिले प्रत्यारोपणही आजारी भावासाठी नवजात बहिणीच्या रक्तानेच झाले होते. आणि साठवणुकीसाठी नाळ घाईने कापू देऊ नका, कारण किमान एक मिनिट थांबल्यास बाळाला अधिक रक्त आणि लोह मिळते.